आखाताचं बोलावणं

त्या काळात आमच्या भागात आखातातल्या सगळ्या देशांना एकच नाव होतं, दुबई. माझी नेमणूक ज्या शाळेत होणार होती ती दुबईच्या आसपासही नव्हती. पण माझ्या आईनं शेवटपर्यंत तिला दुबईची शाळाच म्हटलं.

मी बेळगावात मुलींच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवत होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्याच शाळेतली एक शिक्षिका दोनेक वर्षांपूर्वी आखातातल्या एका भारतीय शाळेत गेली होती. तिनं कळवलं, गणिताची बाई हवी आहे, पुण्यात मुलाखती आहेत, जाऊन तर बघ. मी गेले. आपल्याला कोण घेणार, अशाच भावनेनं गेले, म्हणून भीतीही वाटली नाही. एका लांबलचक टेबलामागं तिघं बसले होते. त्यांनी फळ्याकडं बोट दाखवलं आणि आठवीच्या मुलांना शिकवतेस असं समजून एक प्रमेय शिकव म्हणाले. खडू हातात आल्यावर मी त्या तिघांना विसरले. मध्येच एकाला विचारलं, "समजलं का? नसेल तर सांग." तो हसला आणि म्हणाला, "समजलं."

महिन्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. पगार आम्हा नवराबायकोच्या दोन्ही पगारांच्या कितीतरी पट होता. राहायला जागा, येण्याजाण्याचा खर्च, सगळं शाळेकडं. होकार कळवायला थोडी मुदत दिली होती. मी ते पत्र जिन्यातच उभी राहून वाचलं. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पत्र वाचलं आणि म्हणाला, "छान झालं." मग आत जाऊन चहा टाकला. एरवी तो चहा करत नसे.

आम्ही टिळकवाडीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. त्या खोल्या मिळण्याआधी तीन-चार घरमालकांनी आधी आडनाव विचारलं होतं आणि मग खोली दुसऱ्याला देऊन झाल्याचं सांगितलं होतं. शाळेतल्या शिक्षकखोलीत मला कुणी कधी वाकडं बोललं नाही. फक्त माझ्या डब्यातलं कुणी घेत नसे. कुणाला उपास असे, कुणाचं पोट बिघडलेलं असे. आम्ही बौद्ध. माझं माहेर निपाणीचं. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते, आई तिथंच पाला निवडायला जायची. आईला आम्ही सगळी भावंडं आक्का म्हणायचो, कारण तिची धाकटी भावंडं म्हणायची.

वखार म्हणजे मोठं कोठार. उंचावर लहान खिडक्या, आत खकाणा, म्हणजे तंबाखूची उडती धूळ. बायका नाकातोंडाला पदर बांधून बसायच्या. सकाळी आत गेल्या की बाहेरून दाराला कडी लागायची, ती संध्याकाळी निघायची, आणि दारात प्रत्येकीची झडती व्हायची. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा वडिलांच्या अंगावर पोतं कोसळलं. त्या दिवशी ते दुसऱ्या वखारीत कामाला होते. त्यांना घरी आणून टाकलं. शेजारची माणसं आईच्या वखारीकडं धावली, मीही त्यांच्यामागं. मुकादम जेवायला गेला होता, किल्ली त्याच्याकडं. आई घरी आली तेव्हा सगळं संपलं होतं. लहानपणची पुष्कळ माणसं आता मला आठवत नाहीत, ती कडी आठवते.

त्याच आईनं मला शिकवलं. बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं. नवरा मला बी.एड.च्या वर्गात भेटला. तो बेळगावजवळच्या कंग्राळीचा, फौजेतल्या जवानाचा मुलगा, आणि बेळगावातल्या मराठी शाळेत मराठीचा शिक्षक. आम्हाला एक मुलगी होती, तेव्हा दुसरीत जाणारी.

पत्र आल्यावर पंधरवड्यातच ती आखातातली मैत्रीण सुट्टीवर बेळगावला आली आणि आमच्याकडं जेवायला आली. मी तिला एकेक विचारत गेले आणि ती खरं खरं सांगत गेली. त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे. पुरुष शिक्षकाला बायको नेता येते, पण बाईला नवऱ्याला नेता येत नाही. मुलीला वर्षभरानंतर नेता येईल, तेही शाळेनं मनावर घेतलं तर.

"आणि पासपोर्ट?" नवऱ्यानं विचारलं. पत्रात पासपोर्टविषयी एक वाक्य होतं, ते त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"तो शाळेकडं ठेवून घेतात. सगळ्यांचाच. सुट्टी मंजूर झाली की परत देतात."

"मध्येच यायची वेळ आली तर?"

तिनं ताटातला भात कडेला सारला. "माझे वडील गेले तेव्हा मी अर्ज केला. तिकडची कामं सावकाश होतात. मी आले तेव्हा तेरावा होऊन गेला होता."

मग मीच विचारलं, "तिकडं जात विचारतात?"

"अरब नाही विचारत. त्यांना आपण सगळे सारखेच." मग म्हणाली, "आपलीच माणसं विचारतात. पण इथल्याइतकं नाही. इथल्याइतकं नाहीच."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं कंग्राळीला गेलो. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. निवृत्त होऊन आल्यापासून ते थोड्या जमिनीत भाजी करायचे. गेलो तेव्हा ते अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. मुलगी त्यांच्याजवळ बसून सोलायला लागली. माझी समजूत अशी की आप्पा एकदम हो म्हणतील. जग पाहिलेला माणूस. सैन्यात होते, हिमालय पाहिलेला, आसाम पाहिलेला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "पोरी, तुला जायाचं हाय?"

"हो आप्पा. मला जावंसं वाटतं."

"खरं सांगितलंस ते बरं केलंस. आता मी खरं सांगतो." त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली. "मी रजेवर आलतो एकदा. दीडदोन वर्सांनी आलतो. दारात ह्यो उबा." त्यांनी नवऱ्याकडं मान केली. "ह्या पोरीएवढा असंल. मला बघितलं आन आत पळाला. आईला म्हणतो, आई, कोन तरी पाव्हनं आल्यात. तुझी सासू हसली, मी बी हसलो. मग पाय धुवायला मागं गेलो आन तितंच बसून ऱ्हायलो. पाणी पायावरून वाहून गेलं तरी बसून ऱ्हायलो."

नवरा त्यांच्याकडं बघत होता. त्यानं ही गोष्ट कधी ऐकली नव्हती.

"पगार येत हुता. हे घर त्या पगाराचं. खोटं कशाला बोलू? माझी नोकरी नसती तर ह्यो शिकला नसता. पर ती वर्सं मला कुनी परत दिली न्हाईत. आजबी ह्याला काय आवडतं, काय न्हाय, हे मला म्हाईत न्हाय. त्याच्या आईला सगळं म्हाईत हुतं."

"म्हणजे जाऊ नको म्हणता?"

"मी कोन सांगनार? बाई हायेस म्हणून सांगत न्हाय, हे ध्यानात घे. ह्याला बोलावलं असतं तर ह्यालाबी हेच सांगितलं असतं. जायाचं असंल तर जा. निस्तं काय जातं ते ठावं असू दे."

परत निघालो तेव्हा मुलगी पुढं पळत होती. नवरा माझ्या बरोबरीनं चालत होता. मग म्हणाला, "मला आठवत नाही. मी तसं म्हणालो होतो हे मला अजिबात आठवत नाही." नंतर बसमध्येही तो तेच एकदा पुटपुटला.

निपाणीला मी एकटीच गेले. आईचा सुट्टीचा दिवस होता. डोक्यावरून न्हाऊन ती दारात केस वाळवत बसली होती. कितीही न्हाली तरी तिच्या केसांतून तंबाखूचा वास जात नसे. माझ्यासाठी तो आईचाच वास होता. तिला खोकला लागलेला होता, तो आता वर्षभर असे. मी सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला ती म्हणाली, "जा."

"आक्का, ऐकून तर घे."

"ऐकतो की. सांग." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलायच्या.

मी सगळं सांगितलं. नवऱ्याला नेता येणार नाही, मुलगी वर्षभर लांब राहणार. ती म्हणाली, "पोरीला मी बघतो. वखार सोडतो. जावयाच्या दारात ऱ्हायाचं लोकं नावं ठेवत्यात, ठेवू देत. न्हायतरी लोकं कधी आपल्याला नावं ठेवायची थांबल्यात?" मग तिनं विचारलं, "तितं आपल्याला काय म्हणून वळखत्यात?"

"इंडियातली बाई म्हणून."

"आन फुडं?"

"पुढं काही नाही. आपली माणसं विचारतात थोडंफार."

"निस्तं इंडियातली बाई," ती स्वतःशीच म्हणाली. तिला ते शब्द चाखून बघावेसे वाटत होते, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. "मग आजून कशाला इच्यार करतीस? जा."

तेव्हा मी पासपोर्टची गोष्ट काढली. तो त्यांच्याकडं राहतो, मनात येईल तेव्हा निघता येत नाही, मैत्रीण वडिलांच्या मयताला पोचली नाही. मला पुढचं बोलायचं नव्हतं, पण बोलले. "आक्का, बाबा गेले तेव्हा वखारीचं दार बंद होतं."

ती केस विंचरायची थांबली. आमच्या घरात त्या दाराचा विषय कुणी काढत नसे.

"दार उघडं असतं तरी तुझा बा वाचला नसता," ती शांतपणानं म्हणाली. "छाती फुटलीती त्याची. मी येऊन काय केलं असतं? त्ये दार तू डोस्क्यात घिऊन बसलीस व्हय इतकी वर्सं? मी तर दुसऱ्या आठवड्यात त्याच दारातनं आत गेलो. तुमाला खायाला कोन घालनार हुतं?"

मी तिच्या हातातली फणी घेऊन तिचे केस विंचरायला लागले.

"माझं काय झालं तर येऊ नगंस," ती म्हणाली. "मेल्यावर मला काय कळतंय, कोन आलं न्हाय आलं. जा तू."

बेळगावला परतले ती दोन मतं घेऊन, आणि दोन्ही उलटी. ज्यानं जग पाहिलं तो म्हणत होता काय जातं ते बघ, आणि जी निपाणीबाहेर फारशी गेली नाही ती म्हणत होती जा. राहिला नवरा. तो इतके दिवस 'तुला वाटेल ते कर' एवढंच म्हणत होता. मला त्याचा राग यायला लागला होता. एका संध्याकाळी तो गॅलरीत वह्या तपासत बसला होता. मी समोर जाऊन बसले.

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा. 'तुला वाटेल ते कर' नको."

त्यानं लाल पेन खाली ठेवलं. "गेलीस तर मला अवघड जाईल. राहिलीस तर जास्त अवघड जाईल."

"ते कसं?"

"पुढं कधी तू थकशील, चिडशील. तेव्हा तू काही बोलली नाहीस तरी मला वाटणार, हिला मी अडवलं."

"तुम्ही कुठं अडवताय?"

"मी नाही, माझा विषय अडवतो. तुझं गणित कुठंही चालतं. मराठी घेऊन मी कुठं जाऊ? मराठी घेऊन मी बेळगावातच जेमतेम उभा आहे." त्याच्या शाळेत त्या वर्षी पाचवीला मुलं कमी आली होती. सरकारनं सक्तीची केलेली कन्नडची परीक्षा तो पास झाला होता, पण पुढं काय होईल याची धास्ती त्या काळात सगळ्याच मराठी शिक्षकांना होती. "तू जा. दोन वर्षं. मी पोरीला सांभाळीन. तुझी आई येते म्हणाली तर मला आनंदच आहे."

तो मनापासून बोलत होता. बोलताना वह्यांच्या गठ्ठ्याचे कोपरे पुन्हा पुन्हा जुळवत होता.

त्यानंतरचे काही दिवस मी वर्गात शिकवत असे आणि आत दुसराच हिशोब चाललेला असे. जायची इच्छा होती. ती नव्हती असं म्हणणं खोटं होईल. नवा वर्ग, नवी मुलं, जिथं आडनावानं कुणी दचकणार नाही असा थोडा मोकळेपणा मला हवा होता. मुलगी आजीजवळ राहिली असती. नवऱ्यानं निभावलं असतं. सगळ्यांची सोय लागत होती. एकाच जागी मी अडत होते. आईनं मला समजावलं होतं की दार उघडं असतं तरी काही बदललं नसतं, आणि तिचं खरं होतं. पण ती आत होती आणि मी बाहेर, त्या कडीसमोर उभी होते. आमची आठवण एक नव्हती. माझं जाणं-येणं दुसऱ्याच्या कपाटात ठेवून मी तिथं नीट शिकवू शकेन असं मला वाटेना.

मुदत संपायला आली तेव्हा एका सकाळी, मुलीची वेणी घालता घालता, मी नवऱ्याला म्हटलं, "मी नाही जात."

"का?"

"पासपोर्ट त्यांच्याकडं राहणार. मला ते जमायचं नाही."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

त्याला ते कारण लहान वाटलं असणार. तरी त्यानं वाद घातला नाही. त्या दिवशी शाळेतून येताना मी तारघरात जाऊन नकार कळवून टाकला. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

आप्पांनी ऐकून फक्त मान हलवली आणि मुलीसाठी पावट्याची पिशवी पाठवून दिली. आईला सांगायला मी स्वतः गेले. ती ज्वारी पाखडत होती. "बरं," म्हणाली आणि पाखडत राहिली. बऱ्याच वेळानं सूप खाली ठेवून म्हणाली, "मी वखारीत नाक बांधून बसलो त्ये तू बेळगावापातुर जावीस म्हणून न्हाय." तेवढंच. त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीला आम्ही नेहमीसारखे निपाणीला गेलो. ती नातीशी बोलली, जावयाला आग्रह करून वाढलं. माझ्याशी कामापुरतं. वर्षभर असंच चाललं. नंतर बोलायला लागली, पण दुबईचा विषय तिनं माझ्यापाशी पुन्हा कधीच काढला नाही.

माझ्या जागी दुसरी कुणी गेली असणार. माझी मैत्रीण काही वर्षांनी परत आली, टिळकवाडीतच तिनं बंगला बांधला. वास्तूला आम्ही गेलो होतो. त्या घरातून हिंडताना माझ्या मनात काहीच आलं नाही असं नाही. पण ती स्वयंपाकघर दाखवताना म्हणाली, "मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलतात आणि आपसात गप्प असतात," आणि मग दुसरंच बोलायला लागली.

आई गेली ती त्यानंतर दोनेक वर्षांनी. खोकला वाढत गेला होता, छातीत पाणी झालं होतं. मी तिला बेळगावला आणलं, डॉक्टरांना दाखवलं, जरा बरं वाटलं की ती परत निपाणीला पळायची. त्या दिवशी मी दहावीचा तास घेत होते. शिपाई निरोप घेऊन आला, तशी पर्स उचलून बसस्थानकावर गेले. बस लगेच मिळाली. बेळगावाहून निपाणी ती काय लांब? तरी मी पोचले तेव्हा ती गेलेली होती. म्हणजे मी परदेशी गेले नाही, आणि तरी पोचले नाही. त्या बसमध्ये बसायला मला कुणाची परवानगी घ्यावी लागली नव्हती, एवढंच. त्याचं समाधान मानावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वखारीतल्या बायका काम अर्धं टाकून आल्या होत्या. तोवर दिवस बदलले होते. बायकांनी झगडून बऱ्याच गोष्टी बदलून घेतल्या होत्या, आईही त्यांच्यात असायची. त्यांच्या लुगड्यांवर खकाणा तसाच होता. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. आईच्या शेजारी बसून तिनं वर्षानुवर्षं पाला निवडला होता. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "दुबईची लेक ती तूच न्हवं?"

"मी गेले नाही दुबईला, मावशी."

"ठावं हाय की. तुझी आई सांगायची आमास्नी. दुबईवाल्यांनी बोलावलंतं माझ्या लेकीला, म्हणायची. तिनं न्हाय म्हणून सांगितलं. आमी म्हणायचो, आगं, एवढी नोकरी, न्हाय कशी म्हणाली? तर म्हणायची, न्हाय आवडली तिला. आपल्यात कामाला न्हाय कुनी म्हणलंय का आजवर? माझ्या लेकीनं म्हणलं."

मी तिचा हात घट्ट धरला. मग विचारलं, "रागानं सांगायची का?"

म्हातारीनं विचार केला. "पयल्यांदा रागानं," ती म्हणाली. "मग मग तसं न्हाय."

मयत उचलायला बाहेर माणसं खोळंबली होती. ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली, आणि तिच्यापाठोपाठ मीही उठले.